राखेवर पाणी

शिवबाईनं नव्या गोठ्याचा उंबरा तीन वर्षांत एकदाही ओलांडला नव्हता. आधी सगळं नवराच बघायचा; सून आल्यावर धारा ती काढायची, शेण तीच भरायची, वैरण नवरा टाकायचा. गावातल्या बायका म्हणायच्या, शिवबाईनं बरं नशीब काढलंय, सून आली आणि बाई जनावरांतून सुटली. बायकांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. गोठ्याच्या दारावर एक काळी पडलेली घंटी टांगलेली होती आणि शिवबाईला त्या घंटीखालून जायचं नव्हतं, एवढीच गोष्ट होती.

घंटी चंद्रीची. चंद्री म्हणजे त्यांची गाय. जुना गोठा जळाला तेव्हा ती आत गेली आणि परत आली नाही. शिवबाईचा नवरा शिवलिंगप्पा, त्यानं नंतर ढिगारा उपसताना ती घंटी शोधून काढली आणि नव्या पत्र्याच्या गोठ्याला बांधली. आतला लोलक गळून पडलेला. वारा कितीही सुटला तरी ती वाजणं शक्य नव्हतं.

तरी शिवबाईला ती ऐकू यायची. रात्री-बेरात्री नाही, भुताखेतांच्या वेळेला नाही. सकाळी, चूल पेटवताना. गवरीला जाळ लागला की पाठीमागं घंटी हलायची. आधी सावकाश, गाय रवंथ करताना हलते तशी. मग घाईघाईनं. शिवबाई मागं वळून बघायची नाही. भाकरी थापत राहायची आणि घंटी थांबली की कपाळावरचा घाम पुसायची.

वस्ती होटगी स्टेशनच्या दक्षिणेला, रूळ ओलांडून अर्ध्या तासाच्या चालीवर. फाल्गुन सरता सरता तिकडचं रान पार वाळून जातं. शाळू काढून झालेला असतो, कडब्याच्या गंजी घरांना खेटून उभ्या असतात आणि दहा वाजले की गरम वारा सुटतो. माणसं पारावर बसून म्हणतात, औंदा कुणाची गंज पेटतीय कुणास ठाऊक. दरवर्षी कुणाची तरी पेटतेच. तीन वर्षांपूर्वी फाल्गुनातल्या अमावस्येला यांची पेटली.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. सणाच्या आदल्या दिवशी चूल, घर, गोठा सगळं झाडून-सारवून घ्यायची रीत. एरवी राख दिवसभर, रात्रभर चुलीतच पडून राहायची आणि गार झाली की शिवबाई ती गोठ्यात पसरायची. राखेनं जमीन कोरडी राहते, गोचीड मरतात. त्या भागात सगळेच करतात. पण त्या दिवशी चूल सारवायची घाई. भाकरी उरकल्या उरकल्या तिनं सगळी राख घमेल्यात भरली. वरून करडी, मऊ, निवांत. हात फिरवला तर कोमट लागली. दुसऱ्या एखाद्या बाईनं दोन तांबे पाणी ओतलं असतं आणि विषय तिथंच संपला असता. पण शिवबाईच्या घरात राखेवर पाणी ओतत नसत.

ही सासूची शिकवण. सासू अक्कलकोटच्या पलीकडची, कानडी मुलखातली. शिवबाई नवी नवरी होती तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिनं राखेवर पाणी शिंपडायला तांब्या उचलला, तर सासूनं तिचं मनगट धरलं. "बूदीगे नीर हाकबारदु, यव्वा." राखेवर पाणी टाकू नये. आपण रोज कपाळाला लावतो ती इबूत हीच, शिवाच्या अंगावरची. तिला विझवायचं नसतं, ती आपली आपण निवते. चाळीस वर्षं शिवबाईनं हे पाळलं आणि चाळीस वर्षं राखही आपली आपण निवत आली.

त्या दिवशी चंद्रीच्या कोपऱ्यात ओल होती, म्हणून तिनं सगळं घमेलं तिथंच पालथं केलं. वरून उष्ट्या कडब्याचा पाला पसरला, गाईच्या पाठीवर थाप मारली आणि चूल सारवायला घरात गेली. तासा-दीड तासानं हात धुवायला बाहेर आली, तेव्हा गोठ्याच्या त्याच कोपऱ्यातून धूर निघत होता. पाचटाचं छप्पर. तिच्या तोंडातून आवाज फुटेपर्यंत ते पेटलंही होतं.

बोअरला लाईट नव्हती. माणसं घागरी घेऊन धावली, पण वारा काय घागरीला ऐकतो? सगळ्यांच्या आधी आत शिरला तो जालिंदर. बुद्धवाड्यातला जालिंदर बारा वर्षं त्यांच्याकडं सालानं कामाला होता, जनावरं त्याच्या अंगाखांद्यावर वाढलेली. त्यानं म्हैस सोडली, बैल सोडले, चंद्रीला सोडून दारापर्यंत आणलं. पण जनावर घाबरलं की आपल्या दावणीकडं धावतं, त्याला दुसरं सुरक्षित ठिकाण ठाऊक नसतं. चंद्री वळली आणि परत आत गेली. जालिंदर दावं धरून मागोमाग. दावं नायलॉनचं होतं. ते वितळून त्याच्या तळहाताला चिकटलं तरी तो ओढत राहिला. शेवटी दोघा-तिघांनी त्यालाच ओढून बाहेर काढलं. आत चंद्रीची घंटी वाजत होती, घाईघाईनं, आणि मग ती थांबली.

बंब आला तेव्हा भिंती तेवढ्या उरल्या होत्या.

आग कशानं लागली हे विचारायची वेळच आली नाही. हात ओल्या फडक्यात गुंडाळून बसलेला जालिंदर स्वतःच म्हणाला, "म्या सकाळी गव्हाणीपाशी बिडी वडली हुती. थोटूक इजवल्यालं आठवंना मला." झालं. माणसांना उत्तर मिळालं की ती प्रश्न विसरतात. कागदावर बिडी लागली, पारावर बिडी लागली. गव्हाण गोठ्याच्या या टोकाला आणि धूर निघाला त्या टोकाला, हे एकट्या शिवबाईनं पाहिलं होतं. ती रिकामं घमेलं समोर पालथं टाकून बसली होती आणि तिनं तोंड उघडलं नाही.

का नाही उघडलं? तिनं स्वतःला हे हजारदा विचारलं असेल. आधी भीतीनं जीभ उचललीच नाही. मग वाटलं, उद्या सांगू. गाय जाळली म्हणजे साधी गोष्ट का. रोज लिंगपूजा करणाऱ्या बाईच्या हातून, तेही इबुतीनं. नवरा काय म्हणेल, मेलेली सासू काय म्हणेल. आणि चार दिवस गेल्यावर तर सांगायला तोंडच उरलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण तिनं लहानपणापासून ऐकली होती. त्या म्हणीत आपण चोराच्या जागी असू, हे तिला कधी वाटलं नव्हतं.

जालिंदर एकोणीस दिवस सोलापूरच्या दवाखान्यात होता. शिवबाई एकोणीसही दिवस एसटीनं जाऊन त्याला म्हशीचं दूध देऊन आली. त्याची बायको चांगुणा पेला हातात घेताना रडायची. गावानं तोंडात बोटं घातली. ज्यानं गोठा जाळला त्यालाच दूध नेऊन देते, काय मनाची बाई! ते कौतुक शिवबाईनं ऐकून घेतलं. खोटं कशाला बोला, थोडं गोडही लागलं. घंटी त्याच आठवड्यात वाजायला लागली.

जालिंदरला पुन्हा गावात कुणी कामाला लावलं नाही. 'गाय जाळली त्यानं,' एवढं तीन शब्दांचं पुरलं. त्याच्या पोराला, सिद्धांतला, शाळेत तेच ऐकायला लागलं. पावसाळ्याच्या आधी ते घर बिऱ्हाड उचलून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ गेलं. आकसलेल्या हातानं माग चालवता येईना, म्हणून जालिंदर टॉवेलच्या एका कारखान्यात झाडलोट करायला लागला आणि चांगुणा खोलीवर टॉवेलच्या कडांना गाठी मारायला.

पण दरवर्षी फाल्गुनातल्या अमावस्येला तो यायचा. बाजारातनं कडब्याची एक पेंढी घ्यायची, रिक्षानं होटगीपर्यंत, पुढं खांद्यावर घेऊन चालत. घंटीखाली पेंढी ठेवायची, हात जोडून उभं राहायचं, तांब्याभर पाणी प्यायचं आणि जायचं. शिवलिंगप्पा म्हणायचा, "जालिंदर, झालं-गेलं इसर की." तो म्हणायचा, "म्या इसरीन आण्णा, पर हात इसरत न्हाय." शिवबाई तेव्हा घरात असायची आणि बाहेर यायची नाही.

यंदाची अमावस्या उजाडली. सकाळपासूनच वारा होता. सून सिद्धेश्वरी दोन वर्षांपूर्वी या घरात आलेली; आगीचं तिनं ऐकलेलं, पाहिलेलं नाही. पाडव्याची झाडलोट यंदा पहिल्यांदाच तिच्याकडं; एरवी राख शिवबाईच उचलायची. भाकरी झाल्या, तिनं चुलीतली निम्मी राख घमेल्यात ओढली, घमेलं कमरेवर घेतलं आणि गोठ्याकडं निघाली. कुणी सांगितलं नव्हतं. माहेरी असंच करायचे, इथंही असंच करत असतील.

शिवबाई ओट्यावर डाळ निवडत होती. तिनं ते घमेलं पाहिलं. घंटी वाजायला लागली, आणि आज चूल समोर नव्हती. सरळ गोठ्याच्या दारातूनच वाजत होती. ती उठली, सूप पालथं झालं तिकडं तिनं बघितलं नाही. भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलून तिनं सुनेला अंगणात गाठलं आणि सगळी घागर घमेल्यावर ओतली.

राख फसफसली. गरम वाफ दोघींच्या तोंडावर आली आणि सिद्धेश्वरीनं घमेलं टाकून दिलं.

"अत्ती! बूदीवर पाणी?"

"इस्तू हुता आत," शिवबाई म्हणाली. "बगितलंस न्हवं? वरनं काय बी दिसत न्हाय."

सिद्धेश्वरीनं भिजलेली राख पायाच्या अंगठ्यानं उकरली. आत काळे, ओले निखारे होते, चिंचोक्याएवढे. तिनं सासूकडं पाहिलं, मग दारावरच्या घंटीकडं पाहिलं. पोरगी हुशार. तिनं काही विचारलं नाही, आणि ते न विचारणं शिवबाईला सोसलं नाही.

तेवढ्यात बांधावरून जालिंदर येताना दिसला. खांद्यावर पेंढी.

तीन वर्षांत तो फार उतरला होता. पेंढी घंटीखाली ठेवून त्यानं हात जोडले. उजव्या हाताची बोटं उघडत नव्हती, त्यामुळं त्याचे हात नीट जुळायचे नाहीत, एक तळवा आणि एक मूठ. शिवबाई पहिल्यांदा हे बघत होती. आजवर दाराआड उभं राहून तिनं हे चुकवलं होतं. शिवलिंगप्पा म्हशीला पाणी दाखवून आला आणि जालिंदरला बसायला घोंगडं टाकलं.

"जालिंदर," शिवबाई म्हणाली, "ती बिडी न्हवती."

"काय आक्का?"

"आग तुज्या बिडीनं न्हाय लागली. माज्या हातनं लागली. म्या चंद्रीच्या पायाखाली राख वतली हुती. गरम. आत इस्तू हुता."

जालिंदरचे डोळे भरून आले. शिवबाईला वाटलं, आता हा ओरडेल, शिव्या देईल, देऊ दे. पण त्यानं तेच न जुळणारे हात तिच्यासमोर जोडले.

"आक्का, तुमी लई मोट्या मनाच्या. माजं वझं हलकं करायला सोताच्या अंगावर घेताय व्हय? नगा घेऊ. दवाखान्यात तुमी दूध आणत हुता, तवाच म्या चांगुणेला म्हनलो, असली माणसं हाईत म्हणून दुनिया चाललीय. माजं पाप मलाच फेडू द्या."

"आरं, पाप न्हाय तुजं! खरं सांगते म्या."

"तिचा सभावच तसा हाय," शिवलिंगप्पा मायेनं म्हणाला. "दुसऱ्याचं बघवत न्हाय तिला."

तीन वर्षं जे सांगायला ती भीत होती ते सांगून झालं होतं आणि दोघंही तिच्याकडं देवीकडं बघावं तसं बघत होते. खोटं लगेच पटलं होतं. खऱ्याला आता साक्षीदार पाहिजे होता.

ती घरात गेली. चुलीत उरलेली निम्मी राख तिनं हातानं ओढून फुटक्या परातीत घेतली. चटका बसला तरी हात काढला नाही. अंगणाच्या मधोमध, गोठ्यापासून आणि गंजीपासून लांब, तिनं ती राख जमिनीवर पसरली. करडी, मऊ. मग घंटीखाली जाऊन जालिंदरची पेंढी उचलली, सोडली आणि त्या राखेवर पसरून टाकली.

"आक्का, ती चंद्रीची पेंढी हाय!"

"व्हय. बस आता. आन बग."

चौघं ओट्यावर बसली. सिद्धेश्वरीनं न सांगता दोन घागरी भरून जवळ ठेवल्या. वारा येत होता, कडब्याचा पाला हलत होता आणि काही होत नव्हतं. रुळांवरून एक मालगाडी गेली. ऊन ओट्यावर आलं. शिवलिंगप्पानं दोनदा घसा खाकरला. शिवबाईची नजर पेंढीवरून हलत नव्हती. तीन वर्षं आगीला भ्यालेली बाई आज मनातल्या मनात आगीला हाका मारत होती.

शेवटी जालिंदर उठला. "झालं समाधान आक्का?" तो हळूच म्हणाला, आजाऱ्याशी बोलावं तसं. "निवलीय ती राख. मला दुपारच्या पाळीला पोचाया पायजे."

तो अंगणातून पेंढीच्या बाजूनं निघाला. आणि थांबला. कडब्याच्या खालून दोऱ्याएवढा धूर निघत होता. वाऱ्याची एक झुळूक आली, धूर आडवा झाला, पाल्याची एक कड लाल झाली. पुढच्या झुळुकीला पेंढी भडकली. एवढीशी पेंढी, पण जाळ माणसाच्या छातीपर्यंत आला.

जालिंदर त्या जाळाकडं बघत उभा राहिला. सिद्धेश्वरी घागर घेऊन उठली तर त्यानं हात आडवा केला. आपल्या मिटलेल्या मुठीकडं त्यानं पाहिलं, ती उलटीपालटी करून पाहिली, जणू दुसऱ्या कुणाची आहे. मग विचारलं.

"तुमाला कवा कळलं?"

शिवबाई राखेचे हात लुगड्याला पुसत राहिली.

"आक्का, तुमाला हे कवा कळलं?"

"त्याच दिशी," ती म्हणाली. "धूर निगाला तवाच."

शिवलिंगप्पा उभा राहिला. "जालिंदर, आता झालं-गेलं..."

"आण्णा, तुमी गप बसा." बारा वर्षांच्या चाकरीत आणि नंतरच्या तीन वर्षांत तो शिवलिंगप्पाशी असं कधी बोलला नव्हता. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळं जास्तच लागला. "माज्या घरात काडीपेटी माज्यापास्नं लपवून ठेवत्यात. चांगुणा ठेवती. म्या घरात एकटा असलो की शेजारीन दारात यून बसती. माजं पोरगं मला म्हणतं, बाबा, तुमी त्या दिशी बिडी न वडता तर आपुन गावात असतो. आन म्या म्हणतो, व्हय रं बाळा."

पेंढी खाली बसत चालली होती. शिवबाई जमिनीवर बसली, अंगणातल्या धुळीत. तिला रडू येत होतं आणि रडायचा आपल्याला हक्क नाही हेही कळत होतं.

"पारावर येते म्या," ती म्हणाली. "समद्यांम्होरं सांगते. आत्ता चल."

"पारावर सांगशीलच," तो म्हणाला. आक्काला तो पहिल्यांदा एकेरी बोलला आणि त्याचं त्यालाच ते कळलं नाही. "पर आदी हितं."

त्यानं डाव्या हातानं खिशातून मोबाईल काढला, अंगठ्यानं नंबर लावला, आणि मिटलेल्या मुठीवर तो आडवा ठेवून शिवबाईच्या कानाशी धरला. मूठ तिच्या गालाला लागली. कातडी गुळगुळीत होती, तिच्यावर दाव्याचा पीळ अजून उमटलेला होता.

"हॅलो," चांगुणा म्हणाली. मागं शेजारच्या कारखान्यातले यंत्रमाग खडखडत होते. "पोचलात का वं?"

"चांगुणा, म्या शिवबाई."

"आक्का! बऱ्या हाईत न्हवं? ह्येंनी खाल्लं का काय तितं? उपाशीच निगाल्यात बगा."

शिवबाईनं सांगितलं. चूल सारवायची घाई, कोमट राख, चंद्रीचा कोपरा. धूर कुठून निघाला ते, आणि तो दिसूनही आपण गप्प बसलो ते. सगळं मिळून सात-आठ वाक्यं झाली असतील. तीन वर्षं तिच्या छातीवर बसलेली गोष्ट एवढीशीच होती.

मग चांगुणा बोलली. रागानं नाही, खरोखर न कळून विचारावं तसं.

"मंग आक्का, तुमी एकोणीस दिस रोज दूध घिऊन येत हुता, आन म्या तुमच्या पाया पडत हुते... तवा तुमी मला उठवून जवळ घेत हुता. ते कसं जमलं तुमाला?"

शिवबाईनं तोंड उघडलं. जालिंदर मूठ हलू न देता उभा होता. फोनमध्ये माग खडखडत होते आणि चांगुणा उत्तराची वाट बघत होती.